मेटल अल्बमचे ड्रम रेकॉर्ड करताना: ड्रमसेट आणि साहित्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाणी बसली, स्टुडिओची तारीख ठरली, की ड्रमरचे प्रश्न सुरू होतात, आणि त्यांपैकी बहुतेक प्रश्न आधीच्या ड्रमरनेही विचारलेले असतात. मुंबई-पुण्यातील बँडच्या रेकॉर्डिंगसाठी ड्रम लावून देण्याचे काम करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे प्रामुख्याने थ्रॅश, डेथ आणि त्यांच्या जवळच्या वेगवान शैलींना धरून लिहिली आहेत. संथ शैलींसाठी प्रश्न १६ पाहावा.

१. माझ्याकडे स्वतःचा चांगला ड्रमसेट नाही. तरीही अल्बम रेकॉर्ड करता येईल का?

करता येईल, आणि अनेकदा तोच मार्ग शहाणपणाचा असतो. बऱ्याच स्टुडिओंमध्ये ड्रमसेट कायम मांडलेला असतो. त्या खोलीत तो कसा वाजतो हे तेथील ध्वनिमुद्रकाला ठाऊक असते. तुमच्या घरच्या किंवा जॅमरूममधल्या सेटबाबत ही माहिती कोणाकडेच नसते. बेस ड्रम (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि टॉम (काठीने वाजणारे, वेगवेगळ्या स्वरांचे ड्रम) स्टुडिओचे वापरावेत. मात्र पेडल, स्नेअर (खाली तारा लावलेला ड्रम), सिंबल (धातूच्या थाळ्या), स्टूल आणि काठ्या स्वतःच्या न्याव्यात. यांतील पेडल आणि स्टूल तुमच्या शरीराच्या सवयीशी जोडलेले असतात, तर स्नेअर आणि सिंबल तुमच्या आवाजाची ओळख ठरवतात. स्टुडिओचा सेट वापरणार असाल तर त्यावर कोणती हेड (ड्रमवर ताणून बसवलेली, वाजवायची पुडी) चढवलेली आहेत आणि ती किती जुनी आहेत, हे तारीख पक्की करतानाच विचारावे. त्यांचे उत्तर काहीही आले तरी नव्या हेडचा खर्च हिशेबात धरावा.

२. बर्च, मेपल की महोगनी? शेलच्या लाकडाने किती फरक पडतो?

फरक पडतो, पण दुकानात किंवा चर्चेत सांगितला जातो तेवढा मोठा नाही. शेल म्हणजे मृदंगाच्या भाषेत खोड. बर्चच्या शेलचा आवाज तुलनेने आखूड आणि आघाताला धार देणारा मानला जातो, मेपलचा अधिक गोल आणि लांब, तर महोगनीचा खालच्या स्वरांत भरीव. वेगवान मेटलसाठी बर्चकडे कल असतो तो याच आखूडपणामुळे. तरीही जुन्या, दबलेल्या हेडचा महागडा मेपल सेट आणि नव्या, नीट लावलेल्या हेडचा मध्यम किमतीचा सेट शेजारी ठेवून रेकॉर्ड केले, तर दुसराच सरस ठरतो. हे मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिले आहे. लाकडापेक्षा शेलची कड गुळगुळीत आणि सपाट आहे का, हे तपासणे महत्त्वाचे आहे. शेल काचेवर किंवा गुळगुळीत ओट्यावर उलटे ठेवून आत टॉर्च लावावा. कडेखालून उजेड बाहेर झिरपला, तर तेथे हेड नीट बसणार नाही आणि ते कितीही सुरात लावले तरी त्या बाजूला कुरकुर राहील.

३. बेस ड्रमचे माप कोणते घ्यावे? जितका मोठा तितका चांगला, असे ऐकले आहे.

मेटलमध्ये हा समज सर्वाधिक नुकसान करतो. येथे थोडे गणित करावे लागते. २०० बीपीएम (मिनिटाला २०० मात्रा) गतीला सोळाव्या मात्रा, म्हणजे प्रत्येक मात्रेत चार ठोके, वाजवल्या, तर सेकंदाला १३ पेक्षा थोडे अधिक ठोके पडतात आणि दोन ठोक्यांमध्ये ७५ मिलिसेकंदांचे अंतर राहते. २४० बीपीएमला सेकंदाला १६ ठोके पडतात आणि हे अंतर ६२.५ मिलिसेकंदांवर येते. आता तुमच्या बेस ड्रमचा घुमारा २०० मिलिसेकंद टिकत असेल, तर २०० बीपीएमला पहिला ठोका विरण्याच्या आत आणखी दोन पडलेले असतात. ऐकणाऱ्याला तेथे ठोके ऐकू येत नाहीत, एक सलग गुरगुर ऐकू येते, आणि तिच्याखाली बास गिटारही गाडली जाते.

म्हणून २२ इंच व्यासाचा आणि १६ ते १८ इंच खोलीचा बेस ड्रम बहुतेक कामांना पुरतो. अतिवेगवान डेथ मेटलसाठी २० इंचांचा ड्रम घेतला तरी कमीपणा वाटून घेऊ नये. रेकॉर्डिंगमध्ये त्याचा आकार कोणालाच दिसत नाही. आत एक उशी किंवा घडी घातलेली चादर ठेवावी, जी वाजवण्याच्या हेडला जेमतेम टेकेल. ड्रम उशांनी ठासून भरला तर पुठ्ठ्याचे खोके वाजवल्यासारखा आवाज येतो. पुढच्या हेडला मध्यापासून बाजूला चार-पाच इंचांचे भोक असावे. माइक आत नेण्यासाठी ते लागतेच, शिवाय त्यामुळे हवा बाहेर पडते आणि बीटर (पेडलचा ठोका मारणारा दांडा) हेडवरून उसळणे कमी होते.

४. दोन बेस ड्रम लावावेत की एकावर डबल पेडल?

रेकॉर्डिंगसाठी एक ड्रम आणि डबल पेडल (दोन्ही पायांनी एकच ड्रम वाजवण्याचे जोडपेडल), असे माझे स्पष्ट मत आहे. दोन बेस ड्रम वापरण्याची पद्धत जॅझमधील लुई बेल्सनने १९४० च्या दशकात रुजवली, आणि थ्रॅश मेटल बँड स्लेअरच्या डेव्ह लोंबार्डोसारख्या वादकांमुळे ती मेटलमध्ये मानाची ठरली. रंगमंचावर दोन ड्रम शोभतातही. परंतु दोन वेगळे ड्रम कितीही काळजीपूर्वक लावले तरी हुबेहूब सारखे वाजत नाहीत, आणि जलद रांगेत उजवा-डावा, उजवा-डावा असा आवाजाचा झोका जाणवू लागतो. शिवाय माइक दुप्पट लागतात, आणि एका ड्रमवर ठोका पडला की दुसऱ्याचे हेडही सहकंपनाने गुणगुणते. अपवाद एकच: तुम्ही वर्षानुवर्षे दोन ड्रमवरच सराव केला असेल आणि डबल पेडलवर डावा पाय अडखळत असेल, तर सवय मोडू नये. डबल पेडलच्या डाव्या बाजूला जोडदांड्यामुळे किंचित जडपणा येतोच, आणि त्याची सवय आठवड्याभरात होत नाही.

५. पेडल चेनचे घ्यावे की डायरेक्ट ड्राइव्हचे?

चेनमध्ये थोडी लवचीकता असते. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये पायाखालची पट्टी आणि बीटर यांना धातूचा सरळ दुवा जोडतो, त्यामुळे पायाची प्रत्येक हालचाल जशीच्या तशी पुढे जाते, चुकांसह. टामाचे आयर्न कोब्रा आणि डीडब्ल्यूचे ५००० ही चेनची प्रसिद्ध उदाहरणे आहेत, तर अ‍ॅक्सिस आणि पर्लचे डीमन ड्राइव्ह ही डायरेक्ट ड्राइव्हची. घोट्याच्या छोट्या हालचालींनी अतिवेगाने वाजवणाऱ्यांना लांब पट्टीचे डायरेक्ट ड्राइव्ह मानवते. पूर्ण पाय उचलून जोरकस वाजवणाऱ्यांना बहुधा चेन बरी वाटते. परंतु माइकला यांतील फरक ऐकू येत नाही. त्याला ऐकू येतो तो दोन्ही पायांच्या ठोक्यांचा सारखेपणा, आणि तो ओळखीच्या पेडलवरच येतो. रेकॉर्डिंगला दोन महिन्यांहून कमी अवधी असेल तर नवे पेडल घेऊ नये.

एक गोष्ट मात्र माइकला हमखास ऐकू येते: करकर. पेडलच्या बेअरिंगला आणि स्प्रिंगच्या आकड्याला शिवणयंत्राचे तेल एकेक थेंब द्यावे, आणि जादा तेल फडक्याने पुसून घ्यावे. स्टूलही हलवून पाहावे. शांत जागी त्याचा आवाज पेडलपेक्षा वाईट येतो.

६. बेस ड्रमचा तो ‘टिक’ असा टोकदार आवाज कशाने येतो? बीटर बदलावा का?

त्या आवाजाचा अर्धा वाटा बीटरचा, उरलेला हेड, माइक आणि नंतरच्या प्रक्रियेचा असतो. नमद्याचा मऊ बीटर गोल आवाज देतो. प्लास्टिकचा किंवा लाकडी बीटर आघाताची टोकदार बाजू पुढे आणतो. साधारण ३ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ही टोकदार बाजू असते, आणि गिटारच्या भिंतीतून बेस ड्रम ऐकू येतो तो याच पट्ट्यामुळे. कठीण बीटर लावला की हेडवर पॅच चिकटवणे अपरिहार्य आहे, नाहीतर काही तासांतच खळगा पडतो. डबल पेडलसाठी दोन्ही बीटर सामावतील असा रुंद पॅच घ्यावा. दोन्ही बीटर एकाच बनावटीचे, सारख्या उंचीवर आणि सारख्या झिजेचे असावेत. एक जुना आणि एक नवा लावून आलेला ड्रमर डाव्या पायाच्या ताकदीबद्दल उगाच चिंता करत बसतो.

७. स्नेअर कोणता न्यावा?

एकच नेणार असाल तर १४ इंच व्यासाचा आणि ६.५ इंच खोलीचा धातूचा स्नेअर न्यावा. शक्य असेल तर दोन न्यावेत, एक धातूचा आणि एक लाकडी, कारण स्नेअर हा संपूर्ण अल्बमचा चेहरा असतो. या विधानात अतिशयोक्ती वाटत असेल तर मेटॅलिकाचे दोन अल्बम आठवावेत. १९९१ च्या अल्बमवरील जाड आणि भारदस्त स्नेअर टामाचा ओतीव बेल ब्रासचा होता, आणि त्याची नक्कल आजही होते. २००३ च्या अल्बमवर स्नेअरखालच्या तारा सुट्या ठेवल्या गेल्या, आणि त्या डब्यासारख्या आवाजाबद्दलचा वाद वीस वर्षांनंतरही मिटलेला नाही. गाणी, गायक, गिटार सगळे बाजूला राहून लोक एका ड्रमविषयी भांडतात, यातच स्नेअरचे वजन आले.

धातूंमध्ये अ‍ॅल्युमिनिअम कोरडा आणि चपळ, पितळ अधिक ऊबदार आणि लांब, पोलाद तीक्ष्ण. लुडविगचा सुप्राफोनिक हा अ‍ॅल्युमिनिअमचा आणि ब्लॅक ब्युटी हा पितळेचा, हे दोन्ही स्टुडिओंचे जुने भरवशाचे साथीदार आहेत. त्या मापाचे कमी किमतीतील इतरही स्नेअर चालतात. निवड करताना एकट्या स्नेअरचा आवाज ऐकून निर्णय घेऊ नये. गिटारचा कच्चा ट्रॅक लावावा आणि त्यासोबत वाजवून ऐकावे. खोलीत एकटा ऐकताना उग्र आणि घंटेसारखा वाटणारा स्नेअर डिस्टॉर्शन लावलेल्या गिटारमध्ये अगदी योग्य बसतो, आणि एकटा ऐकताना देखणा वाटणारा त्यात नाहीसा होतो. जलद ब्लास्ट बीटसाठी (स्नेअर, बेस ड्रम आणि सिंबल यांवरचे अखंड अतिजलद ठोके) स्नेअर निवडत असाल तर प्रश्न १४ ही वाचावा.

८. हेड कोणती चढवावीत आणि किती संच न्यावेत?

खर्च कोठे करावा असे कोणी विचारले, तर माझे उत्तर नेहमी ‘हेडवर’ असेच असते. टॉमसाठी वरच्या बाजूला दोन थरांची पारदर्शक हेड घ्यावीत. रेमोचे एम्परर किंवा इव्हान्सचे जी-२ या प्रकारात येतात, आणि त्यांत ७ मिलचे दोन थर असतात. एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. एका थराची १० मिलची हेड अधिक मोकळी वाजतात, परंतु जोरकस मेटल वादनात ती लवकर दबतात. टॉमच्या खालच्या बाजूला एका थराचे हेड पुरते. स्नेअरला वर रवाळ लेपाचे हेड घ्यावे, दोन थरांचे किंवा मध्ये ठिपका असलेले. बेस ड्रमला कडेने दाब देणारी वलये असलेले हेड घ्यावे. रेमोचे पॉवरस्ट्रोक ३ आणि इव्हान्सचे ईमॅड ही नावे दुकानदारांना ठाऊक असतात.

संख्येचा हिशेब असा: बेस ड्रमचे एक हेड बहुधा अल्बमभर पुरते. टॉमची वरची हेड दर दोन-तीन गाण्यांनंतर कानाने तपासावीत. स्नेअरचे वरचे हेड मात्र जोरात वाजवणाऱ्याने रोज एक, किंवा दोन गाण्यांना एक, असे धरून चालावे. स्नेअरच्या खालचे हेड जेमतेम ३ मिलचे, कागदासारखे पातळ असते आणि ते कोणीच जादा घेत नाही. माझ्या एका कामात रात्री अकराला काठीचे टोक चुकून त्यातून आरपार गेले. दुकाने बंद होती, आणि त्या दिवसाचे उरलेले भाडे वाया गेले. तेव्हापासून ते हेड मी पिशवीत नाही, थेट स्नेअरच्या पेटीच्या झाकणात ठेवतो.

९. ड्रम सुरात कसे लावावेत? पावसाळ्यात सूर उतरतो का?

नवे हेड चढवल्यावर सगळे स्क्रू बोटांनी घट्ट करावेत, मग समोरासमोरच्या जोड्यांनी, अर्ध्या वळणाहून कमी फिरवत ताण द्यावा. हाताने मध्यभागी दाबून हेड बसवावे, आणि पुन्हा ताण जुळवावा. त्यानंतर प्रत्येक स्क्रूपासून इंचभर आत काठीने हलकेच वाजवून सर्वत्र एकच स्वर मिळेपर्यंत जुळवणी करावी. तबल्याचा गट्टा ठोकून सूर मिळवणाऱ्यांना ही क्रिया नवी नाही. टॉमचे खालचे हेड वरच्याहून किंचित चढे ठेवले तर आवाज आखूड आणि आटोपशीर राहतो. टॉम-टॉममधील अंतर कानाला स्पष्ट कळेल एवढे हवे, नाहीतर जलद फिरवणीत ते एकमेकांत मिसळतात.

पावसाळ्याबद्दल: तबला किंवा मृदंगाची पुडी कातड्याची असल्यामुळे ओलावा शोषते आणि उतरते, ड्रमची हेड पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मची असतात, तिच्यावर ओलाव्याचा फारसा परिणाम होत नाही. तापमानाचा मात्र होतो. ३२ अंशांच्या टेम्पोतून आणलेला सेट २२ अंशांच्या वातानुकूलित खोलीत मांडून लगेच लावला, तर तासाभरात सूर हललेला सापडेल. म्हणून सेट आदल्या संध्याकाळी खोलीत पोहोचवावा. ओलाव्याचा खरा त्रास स्क्रू आणि स्टँड यांना होतो. कोकणातून किंवा मुंबईच्या किनारी भागातून येणाऱ्यांनी गंज आधीच पाहून घ्यावा.

१०. टॉम किती लावावेत?

गाण्यांत जेवढे वाजतात तेवढेच. न वाजणारा टॉमही माइकसमोर गप्प बसत नाही. बेस ड्रम आणि स्नेअरच्या प्रत्येक ठोक्याला तो गुणगुणतो. वर १० आणि १२ इंचांचे दोन आणि खाली १६ इंचांचा एक ही मांडणी बहुतेकांना पुरते. एखाद्याच गाण्यात चौथा टॉम लागत असेल तर ते गाणे शेवटी घ्यावे आणि तोपर्यंत तो टॉम खोलीबाहेर ठेवावा.

११. रंगमंचावर वापरतो तीच सिंबल रेकॉर्डिंगला चालतील का?

बहुधा नाही, आणि हे उत्तर कोणालाच आवडत नाही. रंगमंचासाठी घेतलेली सिंबल जाड असतात, कारण त्यांना गर्दीच्या आवाजावर मात करायची असते. स्टुडिओत मात करण्यासारखे कोणी नसते. तेथे जाड क्रॅश (जोर देण्यासाठी मारायचे सिंबल) उशिरा खुलतो, जास्त वेळ वाजत राहतो आणि टॉमच्या प्रत्येक माइकमध्ये शिरतो. पातळ किंवा मध्यम-पातळ क्रॅश पटकन उमलून पटकन विरतो. सुटे ठोके हेच ध्येय असेल तर सिंबललाही तोच नियम लागू होतो.

मिश्रधातूविषयी थोडेसे: बी-२० म्हणजे ८० टक्के तांबे आणि २० टक्के कथील, बी-८ म्हणजे ९२ टक्के तांबे आणि ८ टक्के कथील. बी-२० चा आवाज सामान्यतः अधिक गुंतागुंतीचा आणि मुलायम, बी-८ चा अधिक सरळ आणि चकचकीत. बी-८ म्हणजे नवशिक्यांचे, असा समज आहे. तो चुकीचा आहे, कारण पाइस्टेची २००२ ही प्रतिष्ठित मालिका याच मिश्रधातूची आहे. १६२३ पासूनचा वारसा सांगणारी झिल्जन असो की माइनल किंवा सेबियन, प्रत्येकाकडे पातळ आणि जाड दोन्ही मिळतात. नावापेक्षा जाडी पाहावी.

मापे म्हणून १४ इंचांचा हाय-हॅट (पायाने उघडबंद होणारी जोडी), एक १७ किंवा १८ इंचांचा आणि एक १९ इंचांचा असे दोन क्रॅश, १८ इंचांची चायना (कडा उलट वळलेले सिंबल) आणि २० ते २२ इंचांची राइड (सतत ठेका धरण्याचे सिंबल) यांत सर्व येते. राइडच्या घंटीवर जलद नमुने वाजवत असाल तर ती घंटी मोठी आणि स्पष्ट हवी. पातळपणाच्या नियमाला राइड हा अपवाद आहे. दोन्ही क्रॅश सारख्या वजनाचे असावेत, नाहीतर डावीकडचा नेहमी उजवीकडच्याला गिळतो. सिंबल टॉमपासून शक्य तेवढी उंच लावावीत. या उंचीची सवय होण्यासाठी महिनाभर आधीपासून तसाच सराव करावा. पातळ सिंबल तडकतात. मुख्य क्रॅशला पर्याय सोबत असावा, मित्राकडून मागून आणलेला असला तरी चालेल.

१२. काठ्या कोणत्या?

रोजच्याच. ५बी माप मेटलमध्ये सर्रास चालते. हिकरीच्या, सारख्या वजनाच्या किमान दहा जोड्या न्याव्यात आणि टोक उडालेली काठी लगेच बदलावी. राइडवर तिचा आवाज बदललेला कळतो.

१३. माइकची निवड ड्रमरने करावी का?

निवड ध्वनिमुद्रकाची, पण ती समजून घेतली तर तुमची मांडणी सोपी होते. बेस ड्रमच्या आत आघातासाठी एक आणि बाहेर घुमाऱ्यासाठी एक अशी जोडी लागते. एकेजीचा डी-११२, शुअरचा बीटा ५२ए किंवा ऑडिक्सचा डी-६ ही परिचित नावे. स्नेअरवर शुअरचा एसएम-५७, टॉमवर सेनहायझरचा एमडी-४२१, वर सिंबलसाठी कंडेन्सरची जोडी, आणि मेटलमध्ये विशेष म्हणजे हाय-हॅट, राइड आणि चायना यांना प्रत्येकी वेगळा माइक. अशा रीतीने चौदा-पंधरा ट्रॅक सहज होतात.

ड्रमरच्या हातात असलेली गोष्ट म्हणजे जागा. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. वरचे दोन माइक स्नेअरपासून सारख्या अंतरावर नसतील, तर स्नेअर एकाला आधी आणि दुसऱ्याला नंतर पोहोचतो आणि एकत्र ऐकताना तो पोकळ लागतो. म्हणून मोजमाप झाल्यावर स्टूल, स्नेअर आणि स्टँड यांच्या पायांभोवती जाजमावर टेपने खुणा कराव्यात आणि जेवून आल्यावर काहीही ‘थोडेसे’ सरकवू नये.

१४. ब्लास्ट बीटमध्ये माझा स्नेअर ऐकूच येत नाही. साहित्य बदलावे का?

आधी हात तपासावा. मध्यम गतीला तुम्ही प्रत्येक ठोका रिमशॉट (हेड आणि कडा एकाच वेळी लागणारा ठोका) मारता, तर २२० बीपीएमच्या पुढे हात उंचावायला वेळच उरत नाही आणि ठोक्याचा जोर निम्म्यावर येतो. सिंबलवरचा हात मात्र तेवढाच जोरात पडत राहतो. उपाय उलट दिशेने करावा: सिंबलवरचा हात हलका करावा. साहित्यात म्हणाल तर त्या गाण्यांसाठी ५ ते ५.५ इंच खोलीचा, अधिक ताणलेला स्नेअर हलक्या ठोक्यालाही पटकन प्रतिसाद देतो. एकाच गाण्यात ब्लास्ट आणि संथ, जड भाग दोन्ही असतील, तर स्नेअर एकच ठेवावा आणि ब्लास्टच्या भागात नमुन्याची (सॅम्पलची, म्हणजे आधी साठवलेल्या ठोक्याच्या आवाजाची) जोड द्यावी. त्यासाठी पुढचा प्रश्न पाहावा.

१५. ट्रिगर लावणे म्हणजे फसवणूक नाही का? आणि लावायचाच तर कसा?

प्रश्न अभिमानाचा आहे, म्हणून आधी वस्तुस्थिती. ट्रिगर हा कडेला बसवलेला संवेदक असतो. ठोका पडल्यावर तो विद्युत संकेत देतो, आणि त्या संकेतावर आधी साठवलेला आवाज वाजवता येतो. ठोका कधी पडला हे तो सांगतो, वेळ सुधारत नाही. वेडावाकडा पाय ट्रिगरवर अधिक उघडा पडतो, कारण प्रत्येक ठोका सारख्याच जोराने ऐकू येतो. फसवणूक म्हणायचीच असेल तर ती नंतर संगणकावर प्रत्येक ठोका ओढून तालाच्या ठरावीक खुणांच्या जाळीवर बसवण्याला म्हणावी, आणि तेथेही रेघ कोठे ओढायची हे बँडने आपसात ठरवावे.

रेकॉर्डिंगमध्ये ट्रिगरचा आवाज थेट न वापरता त्याचा संकेत वेगळ्या ट्रॅकवर घ्यावा. नंतर त्यावरून गेट (ठोका नसताना माइकचा आवाज बंद ठेवणारी सोय) उघडता येतात आणि माइकच्या मूळ आवाजात नमुना मिसळता येतो. सर्वांत उपयोगी नमुने बाजारातले नसतात. मांडणी आणि माइक पक्के झाल्यावर प्रत्येक ड्रमचे हलक्यापासून पूर्ण जोरापर्यंतचे दहा-बारा सुटे ठोके, मध्ये पूर्ण शांतता ठेवून, रेकॉर्ड करून घ्यावेत. पंधरा मिनिटांचे हे काम मिक्सिंगच्या वेळी तुमच्याच ड्रमचा आवाज तुमच्याच ड्रममध्ये मिसळण्याची सोय करून देते.

ट्रिगर एका ठोक्याला दोनदा वाजत असेल तर हेड फार सैल आहे किंवा मॉड्यूलमधील (ट्रिगरचा संकेत वाचून आवाज वाजवणाऱ्या यंत्रातील) पुनर्ठोक्याची मुदत, म्हणजे एका ठोक्यानंतर पुढचा संकेत न घेण्याचा काळ, फार कमी आहे. ती वाढवताना प्रश्न ३ मधील गणित लक्षात ठेवावे: २४० बीपीएम वाजवायचे असेल तर मुदत ६२ मिलिसेकंदांच्या बरीच खाली हवी, नाहीतर खरे ठोकेही गिळले जातात.

१६. आमचा बँड डूम (मेटलची संथ, जड शैली) वाजवतो. हे सगळे नियम आम्हालाही लागू आहेत का?

बरेचसे उलटे लागू होतात. ६० बीपीएमला दोन ठोक्यांमध्ये पूर्ण एक सेकंद असतो आणि तो भरायला घुमारा हवाच. २४ किंवा २६ इंचांचा बेस ड्रम, मोकळे हेड, मऊ बीटर, मोठी आणि थोडी जाड सिंबल, खोलीचा आवाज टिपणारे दूरचे माइक, हे सर्व येथे योग्य ठरते. ट्रिगरची गरज बहुधा पडत नाही. कच्च्या ब्लॅक मेटलचीही गोष्ट वेगळी आहे. तेथे ड्रमचा विरळ, दूरचा आवाज हा दोष नसून हेतू असतो. मात्र हेड नवी असावीत आणि पेडल करकरू नये, हे नियम कोणालाच चुकलेले नाहीत.

१७. सोसायटीत ड्रम वाजवता येत नाहीत. इलेक्ट्रॉनिक किटवर अल्बम करावा का?

करता येतो, पण सिंबल त्याला उघडे पाडतात. रबरी सिंबलवरून आलेले हाय-हॅट आणि राइड जाणकार कानाला लगेच कळतात. मधला मार्ग असा: जाळीची हेड लावलेल्या ड्रमवर संकेत घ्यावेत आणि सिंबल मात्र खरी वाजवून माइकने टिपावीत. ड्रमचा आवाज सिंबलच्या माइकमध्ये जवळजवळ येत नाही, त्यामुळे मिक्सिंगला मोकळीक मिळते. तोटा असा की खऱ्या ड्रमचा जो वाटा वरच्या माइकमधून येतो तोही जातो, आणि सेट एका जागी बसून वाजल्याची जाणीव कृत्रिमपणे उभी करावी लागते. पूर्णपणे संगणकावर रचलेल्या ड्रमचीही परंपरा आहे. स्वीडनच्या मेशुगाचा २००५ मधील अल्बम तसाच केलेला होता, आणि त्या बँडचा ड्रमर टोमास हाके याच्या वादनक्षमतेविषयी कोणी शंका घेत नाही.

१८. बेस ड्रम आणि हात वेगवेगळे रेकॉर्ड केले तर चालते का?

अतिवेगवान भागांत काही जण तसे करतात: प्रथम हात वाजवताना पाय आवाज न करणाऱ्या पॅडवर ठेवतात, आणि नंतर फक्त बेस ड्रम वाजवतात. ध्वनी स्वच्छ मिळतो, हे खरे. परंतु हात आणि पाय यांच्यात जो सूक्ष्म ओढा असतो तो तुटतो. मी हा मार्ग एखाद्या अडलेल्या भागापुरता सुचवतो, संपूर्ण अल्बमसाठी नाही. त्याऐवजी पाय पॅडवर ठेवून पॅडचाच ट्रिगर संकेत त्याच वेळी घेतला, तर हात आणि पाय एकत्रही राहतात आणि बेस ड्रमचा आवाज इतर माइकमध्येही जात नाही.

१९. हेडफोनमधील क्लिक माइकमध्ये शिरते. काय करावे?

क्लिक म्हणजे गती धरून ठेवण्यासाठी कानात वाजणारा मेट्रोनोमचा ठोका. कान पूर्ण झाकणारे, बाहेरचा आवाज अडवणारे हेडफोन किंवा कानात बसणारे मॉनिटर घ्यावेत. बाहेरचा आवाज कमी झाला की क्लिकही हळू ठेवता येते आणि कानही वाचतात. क्लिकसाठी टोकदार ‘टिक’ऐवजी घुंगरासारखा किंवा लाकडी ठोक्यासारखा आवाज निवडावा. गाण्याच्या शेवटच्या क्रॅशनंतर, सिंबल विरत असताना, क्लिक बंद होईल अशी सोय आधीच करून घ्यावी, कारण ती सर्वांत जास्त ऐकू येते ती तेथेच.

२०. आदल्या रात्री पिशवीत काय काय असावे?

प्रश्न १ आणि ८ मधील वस्तूंखेरीज: दोन ड्रम की, पेडलच्या जादा स्प्रिंग, सिंबल स्टँडचे नमदे आणि प्लास्टिकच्या नळ्या, स्नेअरच्या तारांची दोरी किंवा पट्टी, मूनजेल (हेडचा घुमारा दाबणारी जेलची चिकट चकती), कापडी टेप, शिवणयंत्राचे तेल, ट्रिगरच्या दोन जादा वायर, टॉर्च, टॉवेल आणि दोन सुके टी-शर्ट. जाजम स्टुडिओत असतेच. सतरंजी नेऊ नये, ती फरशीवर सरकते आणि बेस ड्रम तिच्यासह पुढे निघतो.